शंका-समाधान: अनोळखी गणित समोर आलं की

प्रश्न: मी अकरावी विज्ञानला आहे, मुलुंडला राहते. क्लासच्या शीट पटापट सुटतात, पण भौतिकशास्त्र ऑलिंपियाड या स्पर्धेचा जुना पेपर घेतला की कुठलं सूत्र लावायचं तेच सुचत नाही. पुढे आयसर (IISER) या विज्ञान संस्थेत भौतिकशास्त्र शिकायचंय. रोज किती गणितं सोडवू?

उत्तर: रोज नको. आठवड्याला दोनच, पण अनोळखी. शीटवर प्रकरणाचं नाव छापलेलं असतं, म्हणजे अर्धं गणित कुणीतरी आधीच सोडवून दिलेलं असतं. राहिलेल्या अर्ध्याचा सराव कितीही केला तरी सुचण्याची सवय लागत नाही.

पेन उचलण्याआधी उत्तर कशावर अवलंबून असेल याचा अंदाज लिहून ठेव, आणि उत्तर आलं की त्याला टोकाला नेऊन ताण. उदाहरणार्थ, गुळगुळीत जमिनीवर १ किलोची पाचर आहे. तिचा उतार ३०° आणि घर्षणरहित. त्यावरून १ किलोचा ठोकळा घसरतो. पाचर किती त्वरणाने मागे सरकेल? बहुतेक मुलं ठोकळ्याचा दाब ‘वजन गुणिले कोसाइन’ धरतात आणि ४.२ मी/से² काढतात. हे उत्तर पहिल्या तपासण्या आरामात पार करतं: उतार ०° केला, ९०° केला किंवा पाचर अतिशय जड केली, तरी त्वरण शून्यच येतं. आता ठोकळा जड करत जा. त्वरण अमर्याद वाढतं! पण ठोकळा फार तर मुक्तपणे खाली पडेल. पाचरीने त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, एवढंच. त्यासाठी ९.८ भागिले टॅन ३०°, म्हणजे १७ मी/से² पुरे. चूक इथे सापडते: पाचर स्वतःच मागे हटते, म्हणून दाब कमी होतो. तो अज्ञात धरून समीकरणं मांडली की ३.४ मी/से² येतं.

अडलीस तर किमान ४० मिनिटं झुंज दे. मग उत्तरावर कोरा कागद ठेवून फक्त पहिली ओळ वाच आणि पुन्हा सुरू कर. पूर्ण उत्तर वाचावं लागलं, तर दहा दिवसांनी तेच गणित कोऱ्या पानावर सोडव. वाचून ‘कळलं’ वाटणं फसवं असतं.

गणितं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर उत्तरांसह फुकट मिळतात. २०१५चं आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड मुंबईतच झालं होतं, पण ते पेपर बारावीत घे.

प्रश्न: प्रयोगशाळेशिवाय घरच्या घरी काय करता येईल? (दादर)

उत्तर: घरापेक्षा लोकल बरी, दुपारची रिकामी. वरच्या कडीला ५० सेंमी दोऱ्याने एक नट टांग आणि गाडी थांबलेली असताना त्याच्या जागेची खूण कर. सुटल्यावर नट २.५ सेंमी मागे गेला, तर गाडीचं त्वरण ९.८ × २.५ ÷ ५०, म्हणजे सुमारे ०.५ मी/से². नट साधारण १.४ सेकंदांत एक झोका घेतो, म्हणून झोक्याचा मध्य मोज, टोक नको. रूळ दर २०० मीटरला १ मीटर चढत असेल, तर पाव सेंमीची भर त्या चढाचीच असते. ती वेगळी कशी काढायची, ते तू शोध.