रात्री अकराला मागच्या दारी स्नोमोबाइल

प्रश्न : नोकरीमुळे आम्ही गेल्या उन्हाळ्यात उत्तर विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या शहरात राहायला आलो. घर घेताना मागची मोकळी पट्टी पायवाट वाटली होती. डिसेंबरात बर्फ पडल्यावर कळलं, ती स्नोमोबाइलची, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरगाड्यांची, ट्रेल आहे. रात्री अकरा-साडेअकराला गाड्या सुसाट जातात, तावदानं थरथरतात. पुण्याहून आलेल्या सासूबाई सकाळी तिथेच फिरायला जातात. पोलिसांना फोन केला तर ते येईपर्यंत तिथे कुणी नसतं. शेजारी म्हणतात, इथे हे चालायचंच. तक्रार नेमकी कुणाकडे करायची? त्यात बारा वर्षांच्या मुलाला आता स्वतःच गाडी चालवायची आहे!
— एक वाचक

उत्तर : आधी सासूबाईंना त्या ट्रेलवरून हलवा, आजच. हेल्मेट आणि इंजिनाचा आवाज यांच्यापुढे चालवणाऱ्याला त्यांची हाक ऐकू जाणार नाही, आणि वळणावर त्या त्याला दिसणारही नाहीत. शिवाय इथल्या ट्रेलचा बराच भाग खाजगी जमिनीतून जातो. जमीनमालक ट्रेल सांभाळणाऱ्या स्थानिक स्नोमोबाइल क्लबला हिवाळ्यापुरती परवानगी देतो आणि ती बहुधा स्नोमोबाइलपुरतीच असते. एखादा मालक वैतागला की क्लबला अख्खी ट्रेल दुसरीकडून वळवावी लागते. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आता ‘चालायचंच’बद्दल. अजिबात नाही! विस्कॉन्सिनच्या कायद्यात रात्री साडेदहा ते सकाळी सात या वेळेत राहत्या घरापासून 150 फुटांच्या आत ताशी 10 मैलांच्या वर जायला मनाई आहे. म्हणजे जेमतेम सायकलचा वेग. तेव्हा टेप घ्या आणि घराच्या भिंतीपासून ट्रेलपर्यंत मोजा. 140 फूट भरलं तर कायदा सरळ तुमच्या बाजूने. 200 भरलं तर मात्र अंधारातली सर्वसाधारण मर्यादाच हाती उरते, ताशी 55 मैल. तीही उगाच नाही. त्या वेगात गाडी सेकंदाला 80 फूट कापते, आणि दिव्याचा उजेड साधारण 200 फुटांवर संपतो. समोर काही दिसल्यावर हाताशी अडीच सेकंद.

पोलिसांवर रागावू नका. त्यांची मोटार जंगलात शिरत नाही. स्नोमोबाइलवरून गस्त घालतात ते काउंटी शेरीफचे लोक आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे वॉर्डन. माणसं मोजकी, ट्रेल लांबच लांब. ‘गाड्या फार जोरात जातात’ एवढ्या तक्रारीवर ते काय करणार? दोन-तीन आठवडे वहीत टिपा : वार, वेळ, किती गाड्या, कुठून कुठे. माझा अंदाज, शुक्रवार-शनिवारचा ठरावीक अर्धा तास निघेल, एका बारमधून उठून दुसऱ्या बारकडे जाण्याचा. (रक्तातल्या दारूची 0.08 टक्क्यांची मर्यादा इथेही लागू आहे, हे बऱ्याच जणांना सोयीस्कररीत्या आठवत नाही.) ती वही घेऊन शेरीफच्या कार्यालयात जा आणि ट्रेल रस्ता ओलांडते ती जागा दाखवा. तिथे प्रत्येकाला थांबावंच लागतं, त्यामुळे पकडायचं तर तिथेच.

पण नगर परिषदेच्या आधी क्लबकडे जा, असं मी म्हणेन. आमचे हे दर हिवाळ्यात क्लबचा ग्रूमर (ट्रेलवरचा बर्फ सपाट करणारं यंत्र) चालवतात, बिनपगारी, रात्र-रात्र, त्यामुळे मी थोडी पक्षपाती आहे. तरी सांगते, ट्रेल हातची जाईल या धास्तीने क्लबची झोप तुमच्यापेक्षा जास्त उडते. तुमच्या घरामागे वेग कमी करण्याची पाटी लावा, जमलं तर ट्रेल थोडी आत सरकवा, एवढंच मागा.

परिषदेत ‘ट्रेल बंद करा’ म्हणालात, तर मोटेलवाले आणि हॉटेलवाले उभे राहतील. इथला हिवाळी धंदा या गाड्यांवरच आहे. ईगल रिव्हर गावात 1964 पासून स्नोमोबाइलच्या शर्यती होतात. तिथून जवळच्याच सेनर गावात कार्ल एलियासन यांनी 1924 मध्ये बर्फावर चालणारी मोटरगाडी बनवली आणि 1927 मध्ये तिचं पेटंट घेतलं. अशा मुलखात बंदीची मागणी करणं म्हणजे कोल्हापुरात तांबड्या रश्श्यावर बंदी मागण्यासारखं आहे.

मुलाचं म्हणाल तर, 1 जानेवारी 1985 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे बाराव्या वर्षापासून गाडी चालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. तुमचा जन्मही त्यानंतरचा असेल तर त्याच्याबरोबर तुम्हीही कोर्स करा. आणि तो तलावावर जाण्याआधी मासेमारीचं आमिष विकणाऱ्या दुकानात बर्फ कसा आहे ते विचारा. त्या लोकांना रोजची खबर असते. ओढा तलावाला मिळतो तिथला बर्फ कडाक्याच्या थंडीतही पातळ राहतो, तेवढी जागा त्याला आधीच दाखवून ठेवा.