जुनी अमेरिकन गाडी: किल्लीला हात लावण्याआधी

या महिन्यात जुन्या अमेरिकन गाड्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. चारही वाचकांना गाडी लवकर रस्त्यावर यायला हवी आहे. आमचा आग्रह मात्र एकाच क्रमाचा आहे: आधी तपासणी, मग दुरुस्ती, आणि सेल मारणं व गाडी हलवणं शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात आणि गोत्यात येतात.

प्रश्न: १९६६ची फोर्ड मस्टँग घेतली आहे. २८९ घन इंचांचं व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. वीसेक वर्षं एका बंद गॅरेजात उभी होती, टाकीत जुनं पेट्रोल तसंच आहे. नवी बॅटरी लावून सेल मारून पाहू का? (एडिसन, न्यू जर्सी)

नका मारू. उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटतात. सेल मारला की रिंग तुटते किंवा सिलिंडरवर ओरखडा उठतो. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकला असेल तर त्याला ढकलणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, वाकतो. इंजिन चुकून चालू झालंच, तर टाकीतला डिंकासारखा गाळ थेट कार्बोरेटरमध्ये जातो. हाताने चार तास काम केलं तर हे तिन्ही टळतं.

सुरुवातीला बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या बाजूला, आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचा. पहिला अंक ६ म्हणजे १९६६. दुसऱ्या जागी टी असेल तर ती मेटचेन कारखान्यात बनली, आणि तो कारखाना तुमच्याच एडिसनमध्ये होता. २००४मध्ये बंद झाला. पाचवं अक्षर इंजिनाचं: सी म्हणजे दोन बॅरलच्या कार्बोरेटरचं २०० हॉर्सपॉवरचं, ए म्हणजे चार बॅरलचं २२५चं, के म्हणजे २७१चं. या पाचव्या जागी टी आलं तर मूळ इंजिन सहा सिलिंडरचं होतं आणि व्ही-८ नंतर कुणीतरी बसवलं आहे. मग चाकाला बोल्ट किती ते मोजा. मूळ व्ही-८ला पाच असतात, सहा सिलिंडरच्या गाडीला चार. चारच सापडले तर ब्रेक आणि मागचा अ‍ॅक्सल या इंजिनाच्या ताकदीचे नाहीत, हे धरून चाला.

एअर क्लीनर, हीटरची पेटी आणि सीटखाली उंदरांची घरटी असतातच. सुकी घाण झाडू नका. तिच्यातून हंटाव्हायरसचा धोका असतो. मास्क आणि हातमोजे घालून ब्लीचच्या पाण्याने भिजवा आणि मग उचला.

आता पेट्रोल. या गाडीत टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे, त्यामुळे टाकी काढायला डिकीतले कडेचे बोल्ट सोडायचे. आधी बॅटरीची वायर काढा, गॅरेजचं दार उघडं ठेवा, अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोल मोजणाऱ्या युनिटची रिंग लोखंडी छिन्नीने ठोकू नका, ठिणगी उडते. पितळेचा किंवा लाकडाचा तुकडा घ्या. टाकीच्या आत गंजाचे पापुद्रे दिसले तर धुण्यात वेळ घालवू नका. या गाडीची नवी टाकी सहज मिळते. रबरी नळ्या सगळ्या बदला, इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. इंजिनावरचा यांत्रिक पेट्रोल पंपही बदला, कारण आतला जुना पडदा फाटला की पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर कारण बहुतेक तेच.

आठही प्लग काढा. काढताना वायरींना नंबर लावा, कारण फोर्डची मोजणी वेगळी: पॅसेंजरच्या बाजूला पुढून मागे १ ते ४, ड्रायव्हरच्या बाजूला ५ ते ८. ठिणगीचा क्रम १-५-४-२-६-३-७-८. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल किंवा गंज सोडवणारं तेल घाला आणि दोन-तीन दिवस सोडून द्या. मग पट्टा काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून, क्रँकच्या पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावा आणि समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेने हळू फिरवा. अडलं तर जोर करू नका. थोडं मागे, थोडं पुढे करा, पुन्हा तेल घाला. दोन पूर्ण फेऱ्या मोकळ्या झाल्या की वरची झाकणं काढा आणि फेऱ्या मारत सोळाही व्हॉल्व्ह वरखाली होतात का ते डोळ्यांनी पाहा.

जुनं ऑइल सोडून फिल्टर बदला. फिल्टरसकट ५ क्वार्ट, म्हणजे साधारण पावणेपाच लिटर लागतं. या इंजिनाचे टॅपेट चपट्या बुडाचे आहेत आणि कॅमशाफ्टवर घासत चालतात, म्हणून ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस पुरेसं हवं. आजच्या नव्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये ते मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. जुन्या गाड्यांसाठी म्हणून विकलं जाणारं १०डब्ल्यू-३० घ्या.

यानंतरची पायरी कुणीही वगळू नये. बेअरिंगवर इतक्या वर्षांत तेलाचा थर उरलेला नसतो. प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर आतल्या रोटरची दिशा खडूने खुणावून उपसा. खाली ऑइल पंपाची षट्कोनी दांडी दिसेल. पाव इंची सॉकेट लांब एक्स्टेन्शनला चिकटपट्टीने पक्कं बांधा, नाहीतर ते इंजिनात पडेल. ड्रिल उलट्या दिशेने फिरवा, कारण फोर्डचा डिस्ट्रिब्यूटर घड्याळाच्या उलट फिरतो. काही सेकंदांत ड्रिल जड लागेल. तेव्हा पंपाने तेल उचललं. क्रँक पाव-पाव फेरी फिरवत पुन्हा ड्रिल चालवा, वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत तेल पोचेपर्यंत. डॅशबोर्डच्या जुन्या काट्यावर विसंबू नका, तात्पुरता यांत्रिक गेज लावा.

आता प्लग बाहेरच ठेवून पहिल्यांदा सेल मारा आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली नको. खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा. पण लगेच हेड उतरवू नका. व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवरचा हलका गंज इंजिन तासभर चाललं की बऱ्याचदा निघून जातो. शिसंविरहित पेट्रोलसाठी व्हॉल्व्हच्या सीटा बदलायलाच हव्यात असंही नाही; हेड दुसऱ्या कामासाठी उतरेल तेव्हा बदला.

डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारी-तोडणारी टोकं, काळे पडलेले असतील; ते आणि कंडेन्सर नवे घाला. पॉइंटची फट ०.०१७ इंच, प्लगची ०.०३४ इंच. इथे एक हमखास चूक होते. इग्निशन स्विचकडून कॉइलला येणारी गुलाबी वायर साधी नाही, ती रेझिस्टन्स वायर आहे. कुणी 'जुनी झाली' म्हणून तिच्या जागी साधी तांब्याची वायर टाकली की कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट जातात आणि पॉइंट वारंवार जळतात.

पहिल्यांदा चालू करताना गाडीची टाकी वापरू नका. बोटीचा छोटा कॅन घ्या, पाच लिटर ताजं पेट्रोल भरा आणि पंपाला जोडा. इंजिन धरलं की ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान आणि गळती या तिन्हींवर नजर ठेवा. दाब दहा सेकंदांत आला नाही तर बंद करा. ऑटोमॅटिक गिअरसाठी टाइप-एफ ऑइल. सील कडक झालेले असतात, पहिल्या आठवड्यात थोडं गळेल.

इंजिन वाजलं म्हणून गाडी हलवू नका. १९६६च्या मस्टँगला ब्रेकचं एकच सर्किट आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. १९६७पासून दुहेरी मास्टर सिलिंडर आला. तोच बसवून घ्या, पुढच्या-मागच्या नळ्या वेगळ्या कराव्या लागतील. चाकांचे सिलिंडर आणि तिन्ही रबरी नळ्या, पुढच्या दोन आणि मागची एक, बाहेरून चांगल्या दिसल्या तरी बदला. जुनी नळी आतून फुगते, दाब पुढे जातो पण परत येत नाही, आणि ब्रेक चिकटून ड्रम तापतो. स्टीलच्या नळ्यांऐवजी तांबे-निकेलच्या घ्या, गंजत नाहीत. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ड्रमवर हवेचा फवारा मारू नका, ओलं करून पुसा.

टायरवर नक्षी कितीही शाबूत असो, टायरच्या बाजूच्या भिंतीवरची तारीख वाचा. शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. तीनच अंक असतील तर टायर २०००च्या आधीचा. तसा टायर गाडी ढकलण्यापुरता ठेवा.

प्रश्न: माझ्याही १९६६च्या मस्टँगमध्ये पावसात पॅसेंजरच्या पायाशी पाणी साचतं. गॅरेजवाला तळाचा पत्रा बदलायला सांगतो. (डेट्रॉइटजवळ, मिशिगन)

पत्रा बदलाल, पण पाणी येतच राहील आणि नवा पत्राही सडेल. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. बोटाला चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते हीटरच्या कोअरमधून गळणारं कूलंट. साधं पाणी असेल तर बहुधा काउल. काचेच्या खालच्या जाळीतून हवा आत घेणारी ती पोकळी आहे. आत हवेच्या तोंडाभोवती पत्र्याच्या उभ्या कडा असतात. पानं कुजून ओल धरतात आणि त्या कडा बुडाशी गंजतात. गालिचा उचला, एकाला आत टॉर्च घेऊन झोपवा आणि जाळीवर बाहेरून सावकाश पाणी ओता. थेंब कुठून सुटतो ते लगेच दिसतं.

पक्की दुरुस्ती कष्टाची आहे: पुढची मडगार्ड आणि बॉनेट उतरवून, वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड एकेक ड्रिलने सोडवायचे, आतला भाग बदलायचा, रंगवायचा आणि पुन्हा वेल्ड करायचं. वरून सीलंट ओतणं म्हणजे एका पावसाळ्याची सोय.

तळ कापण्याआधी दोन गोष्टी तपासा. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच भार घेतो. पुढच्या बाजूला जॅक लावून उचला आणि दाराची फट पाहा. फट बदलली किंवा दार अडकू लागलं, तर टॉर्क बॉक्स (सांगाड्याला मजबुती देणारी पत्र्याची पेटी) आणि दाराखालची पेटी आतून गेली आहे. मिशिगनच्या रस्त्यावरचं मीठ तिथेच बसतं. उघड्या टपाच्या गाडीत दाराच्या चौकटीत आधी आडव्या नळ्या वेल्ड करून मगच तळ कापा, नाहीतर गाडी मधोमध वाकते.

प्रश्न: आमच्या वाड्यात १९५१ची प्लिमथ आहे, सहा सिलिंडर. नवी बॅटरी लावली तरी इंजिन रडत फिरतं. मागचा ड्रम निघत नाही, डाव्या चाकाचा एक बोल्टही तुटला. (सांगली)

क्रायस्लर समूहाच्या गाड्या प्रीमियर कंपनी कुर्ल्यात जोडत असे, म्हणून महाराष्ट्रात प्लिमथ आणि डॉज अजून सापडतात. तुमच्या तिन्ही अडचणींची कारणं गाडीच्या रचनेतच आहेत.

बोल्टचं सांगतो. या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलं की बोल्ट आणखी आवळतो आणि मोडतो. बोल्टच्या डोक्यावर एल कोरलेलं आहे का ते पाहा.

मागचा ड्रम निमुळत्या अ‍ॅक्सलवर बसलेला असतो. हातोड्याने तो निघत नाही, उलट अ‍ॅक्सलच्या टोकाचे आटे आणि आतलं बेअरिंग खराब होतं. हबच्या बोल्टच्या भोकांत पक्का बसणारा जाड पुलर लागतो. आधी ब्रेक पूर्ण सैल करा. अ‍ॅक्सलची नट दोन-तीन आटे सैल करून तिथेच ठेवा, काढू नका. ड्रम सुटतो तेव्हा गोळीसारखा उडतो. पुलर आवळा, त्याच्या स्क्रूवर एक ठोका द्या आणि रात्रभर ताणलेला ठेवा.

इंजिन रडतं त्याचं कारण वायर. ही गाडी ६ व्होल्टची आहे आणि अर्थ पॉझिटिव्हला, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक चासीला जोडलेलं. तेवढ्याच कामाला १२ व्होल्टपेक्षा दुप्पट अ‍ॅम्पिअर लागतात. दुकानात मिळणारी नव्या गाडीची बॅटरी केबल पुरत नाही. जुन्या जाडीची, ट्रकला लागते तशी केबल बनवून घ्या. चासी आणि इंजिनाचे अर्थ पॉइंट चकचकीत घासा. सेल मारताना मल्टिमीटर केबलच्या दोन टोकांना लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर तीच केबल दोषी. कॉइलच्या जोडणीतही गफलत होते: पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत डिस्ट्रिब्यूटरकडची वायर कॉइलच्या अधिक खुणेला जाते.

गाडी चालू झाली की तापमानाचा काटा ठीक दाखवेल, तरीही एक काम करा. पाण्याच्या पंपामागे ब्लॉकमध्ये एक लांब चपटी नळी असते, ती थंड पाणी मागच्या सिलिंडरांपर्यंत पोचवते. पत्र्याची असल्याने ती गंजून गळून पडते. मग पाचवा-सहावा सिलिंडर आतल्या आत भाजतो आणि तिथलेच व्हॉल्व्ह जळतात. पंप काढा, आकडीने नळी ओढा, तुकडे आले तर नवी घाला.

आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरची बुचाची पॅकिंग त्याने फुगतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा.

प्रश्न: दुरुस्तीनंतर जुन्या गाडीची नोंदणी कशी करावी? (नाशिक)

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ बांधणीत असेल, तर २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. रोजच्या वापराला आणि धंद्याला परवानगी नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, देखभाल आणि इंधन भरणं एवढंच. चासीत बदल करून घेऊ नका, नोंदणी तिथेच अडते. इंजिनाचा आणि चासीचा ठोकलेला नंबर रंगाखाली दडू देऊ नका. रंगकाम सुरू होण्याआधी दोन्हींचे फोटो काढा आणि कागदाचा ठसा घेऊन ठेवा.