कॅमेऱ्याआधी नॉर्वेजियन

पुण्यातली शूटिंगची कामं सोडून नॉर्वेला यावं का, नॉर्वेजियन दिग्दर्शक बेंजामिन रेसारख्या डॉक्युमेंटरी करता येतील का, असं तुम्ही विचारलंय. मी आठ वर्षं ऑस्लोत एडिटिंग करतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रेच्या फिल्म्स बघा: 2016 ला 'मॅग्नस', 2020 ला 'द पेंटर अँड द थीफ', 2024 ला 'आयबेलिन'. शेवटच्या दोन्हींना अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला बक्षिसं. पण मधली अंतरं बघा, चार-चार वर्षं! रे आधी पत्रकार होता. 'मॅग्नस' बुद्धिबळपटू मॅग्नस कार्लसनवर, त्यात आपलं चेन्नई आहे, 2013 ची आनंदविरुद्धची लढत आहे. पण फिल्मला जीव येतो तो कार्लसनच्या घरच्या जुन्या व्हिडिओंमुळे. 'आयबेलिन' ऑनलाइन गेममध्ये रमलेल्या एका मुलावर, त्याचं घर रेच्या ओळखीचं. त्याच्या गेममधल्या संभाषणांच्या हजारो पानांच्या नोंदींवरून ॲनिमेटरांनी त्याचं तिथलं आयुष्य पुन्हा उभं केलं. असं घर तुमच्यासाठी कोण उघडणार, हा खरा प्रश्न.

'पेंटर'मध्ये चित्र चोरताना चोरांनी कॅनव्हास कापला नाही, दोनेकशे खिळे एकेक करून उपसले. ज्या चित्रकाराचं ते चित्र, ती मूळची चेक, आपल्यासारखीच बाहेरून आलेली. पण ती कॅमेऱ्यासमोर आहे, मागे नाही, हे विसरू नका.

कामाच्या परमिटचं थोडक्यात: स्किल्ड वर्करला नोकरीची ऑफर हातात लागते, 'येऊन बघू' चालत नाही. फिल्म शिकायची तर वोल्डा आणि लिलेहामर या गावांतल्या संस्था, पण शिकवणं नॉर्वेजियनमधून. शिवाय 2023 पासून युरोपबाहेरच्यांना सरकारी विद्यापीठांत फी लागली. नॉर्वेजियन फिल्म इन्स्टिट्यूटचं निर्मिती अनुदान निर्मिती कंपनीला मिळतं, तेव्हा आधी प्रोड्यूसर गाठायचा.

आणि भाषा. 'तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं' हे खरंच आहे, मीटिंगपुरतं. साडेअकराला सगळे आपापले डबे उघडतात, पावावर तपकिरी चीज, आणि गप्पा नॉर्वेजियनमध्ये. कुणाचा आजोबा काय करायचा, कुठल्या गावात काय भानगड चालू आहे, फिल्मचे विषय तिथेच निघतात. पहिली दोन वर्षं मी नुसता हसत बसायचो, तेही सगळ्यांनंतर.

क्लास पुण्यातूनच ऑनलाइन सुरू करा. आणि अर्धवट शूट झालेलं काही पडलं असेल तर ते पुरं करूनच निघा. माझ्या अनुभवात इथला प्रोड्यूसर पहिल्या भेटीत तेच बघायला मागतो.