वाचकांचे प्रश्न : ‘मिडनाइट रनर्स’मधले शिकाऊ पोलीस

प्रश्न : माझा मुलगा फौजदाराच्या परीक्षेची तयारी करत आहे. त्याने आग्रह धरून मला ‘मिडनाइट रनर्स’ हा कोरियन चित्रपट दाखवला. त्यात पोलीस विद्यापीठातले दोन विद्यार्थी एका अपहरणाचा तपास स्वतःच हाती घेतात. असे विद्यापीठ खरोखर आहे का आणि त्यांचा तपास कितपत खरा मानावा?
— एक वाचक, कराड

उत्तर : विद्यापीठ खरे आहे. कोरियाच्या राष्ट्रीय पोलीस विद्यापीठात 1981 पासून विद्यार्थी शिकत आहेत. 2016 मध्ये ते योंगिनहून आसान या शहरात हलवले गेले. आपल्याकडे फौजदार होऊ इच्छिणारा उमेदवार आधी पदवीधर होतो, मग लोकसेवा आयोगाची परीक्षा देतो आणि निवड झाल्यावर नाशिकच्या अकादमीत दाखल होतो. कोरियात मात्र, निदान हा चित्रपट आला तेव्हा, शालेय शिक्षण संपवून आलेली मुले चार वर्षे वसतिगृहात राहून पदवी घेत आणि थेट अधिकारी म्हणून सेवेत रुजू होत. 2017 च्या या चित्रपटाचे कोरियन नावच ‘तरुण पोलीस’ अशा अर्थाचे आहे, आणि दिग्दर्शक किम जू-ह्वान यांनी विनोद आणि वेदना दोन्ही या कोवळ्या वयातूनच काढल्या आहेत. पार्क सो-जून यांचा की-जून आधी हात उगारतो आणि मग विचार करतो. कांग हा-नुल यांचा ही-योल आधी पुस्तक आठवतो.

तपासाची पद्धत मात्र मला चित्रपटातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. ज्या मुलीचा दूरध्वनी क्रमांक मागण्यासाठी हे दोघे मागे गेले, तिलाच डोळ्यांदेखत कोणी उचलून नेते. ते ठाण्यात धावतात, तर तिथले अधिकारी एका बड्या घरच्या अपहरणात गुंतलेले असतात. मग दोघांना वर्गातला धडा आठवतो : तपास बळी पडलेल्या व्यक्तीपासून, हाती लागलेल्या वस्तूपासून किंवा घटनास्थळापासून सुरू करता येतो आणि अपहरणात पहिले सात तास निर्णायक असतात. वर्गात जांभया देत लिहून घेतलेले हे मुद्दे रस्त्यावर एकेक करून वापरून पाहणारी मुले पडद्यावर फार क्वचित दिसतात. आपल्या पोलीसपटांत तर नायक जन्मतःच सर्व शिकून आलेला असतो. मुलीने घेतलेल्या खाऊच्या दुकानापासून तिच्या कामाच्या जागेपर्यंत ते ज्या क्रमाने पोहोचतात, त्या क्रमाला तर्क आहे.

खटकते ते पुढे. टोळी घरातून पळालेल्या मुलींची बीजांडे काढून विकते. बीजांडे मिळवण्यासाठी स्त्रीला साधारणतः दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने द्यावी लागतात, म्हणजे सात तासांचे घड्याळ या गुन्ह्याला नीट लागू पडत नाही, आणि टोळीवरच्या दुसऱ्या चढाईआधी नायकांना व्यायाम करून तयार व्हायला जी सवड मिळते तीही याच फटीतून. विषय मात्र हवेतून आलेला नाही. कोरियात बीजांडांच्या खरेदी-विक्रीवर 2005 पासून बंदी आहे, आणि त्याच सुमारास ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने पैसे देऊन बीजांडे मिळवल्याचे उघड झाल्यामुळे हा प्रश्न तिथल्या घराघरांत पोहोचला होता. आपल्या चिरंजीवांना एवढेच सांगावे की शेवटी शिस्तभंगाच्या चौकशीमुळे दोघांना विद्यापीठात एक वर्ष मागे राहावे लागते, तो भागही त्यांनी पाहावा.

प्रश्न : या चित्रपटाविरुद्ध खटला झाला होता असे ऐकले. इतक्या हलक्याफुलक्या कथेवर आक्षेप कोणाचा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आक्षेप सेऊलच्या देरिम-दोंग भागातल्या रहिवाशांचा आणि तो मला रास्त वाटतो. तिथे चीनमधून आलेले कोरियन वंशाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. त्यांचे पूर्वज चीनच्या ईशान्येला स्थायिक झाले होते, आणि 1992 मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध जुळल्यानंतर ही मंडळी बांधकाम, हॉटेले आणि रुग्णसेवा अशा कामांसाठी कोरियात येऊ लागली. चित्रपटातला टॅक्सीवाला नायकांना सांगतो की इथे रात्री सुरे निघतात आणि पोलीसही सहसा फिरकत नाहीत. टोळीही याच समाजाची दाखवली आहे. एखाद्या वस्तीचे खरे नाव घेऊन तिला गुन्हेगारीचा शिक्का मारणे म्हणजे काय, हे धारावीकरांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. रहिवासी पहिल्या न्यायालयात हरले. अपिलात मात्र न्यायालयाने तडजोड सुचवली आणि 2020 मध्ये निर्मात्यांनी माफी मागितली. तोवर 50 लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली होती.

प्रश्न : याचा तेलुगू अवतार आधी पाहावा की मूळ? घरी बारा वर्षांची मुलगीही आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मूळ आधी पाहावा. 2022 च्या ‘साकिनी डाकिनी’मध्ये रेजिना कॅसांड्रा आणि निवेता थॉमस या दोन प्रशिक्षणार्थी तरुणी आहेत. मुलीच्या मागे लागलेल्या दोन पोरांची लाज हळूहळू जबाबदारीत बदलते, ही मूळ कथेची गंमत त्या बदलात टिकत नाही. जपाननेही 2020 मध्ये यावर दूरचित्रवाणी मालिका केली होती. मुलीला मात्र दोघांपैकी एकही इतक्यात दाखवू नये. डांबून ठेवलेल्या मुलींची दृश्ये मलाच जड गेली.