चर्चची सेवा करते, पण कौतुक झालं नाही की मन दुखतं. माझ्यात नम्रता नाही का?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं वेदीची फुलं तुम्हीच सजवता, पण यंदा फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, आभार मानताना तुमचं नाव राहून गेलं आणि ते अजून सलतंय. कुणी टाकून बोललं तर गप्प राहणं हीच ख्रिस्ती नम्रता का, असंही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सरळ आहे. नाही. योहानाच्या १८व्या अध्यायात प्रमुख याजकासमोर एक शिपाई येशूच्या तोंडात मारतो. येशू त्याला म्हणतो, माझं बोलणं चुकलं असेल तर दाखव, बरोबर असेल तर मला का मारतोस? त्यानं हात उगारला नाही, पण विचारायचं ते विचारलं. तुम्हीही फादरांना शांतपणे सांगा.

पहिल्या प्रश्नात मात्र मी स्वतः बरीच वर्षं अडकलो होतो.

मी मूळचा सावंतवाडीकडचा, घरची भाषा मराठी. नोकरीमुळे २२ वर्षं गोव्यात, म्हापशात आहे. इथे गरजूंना घरी जाऊन मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या कामाला जातो. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी, बहुतेक कॉलेजात शिकणाऱ्या पोरांनी, हे काम सुरू केलं. त्यातल्या दोन रीती मला फार शहाण्या वाटतात. गरजूच्या घरी एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं. आणि बैठकीत दानाची पिशवी फिरते तेव्हा कोणी किती टाकले, टाकले की नाही, हे शेजाऱ्यालाही कळू द्यायचं नाही. कौतुकाची भूक माणसाला लागतेच, म्हणून तर ही व्यवस्था. तेव्हा वाईट वाटलं याचा फार गुन्हा मानू नका.

या भेटींतला माझा जोडीदार जहाजावरून निवृत्त झालेला तारवटी. आम्ही दर पंधरवड्याला एका म्हाताऱ्या बाईकडे तांदूळ आणि गोळ्या घेऊन जायचो. ती चहा टाकायला उठली की मी म्हणायचो, नको, घाई आहे. तिचा खर्च वाचवतोय असं मला वाटायचं. एकदा ती म्हणाली, "तूं सदांच दिवन वता, म्हजें मात कितेंच घेना." (तू नेहमी देऊन जातोस, माझं मात्र काहीच घेत नाहीस.) आवाजात राग नव्हता, पण मान खाली होती. जोडीदार तर केव्हाच पाटावर बसून तिचा कोरा चहा पीत होता. माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं त्या घरात देणारा मीच राहावा अशी मी काळजी घेत होतो. तिला घेणारीच ठेवत होतो. त्या दिवशी मी चहा प्यायलो, आणि निघताना तिनं दिलेली तोरांच्या (कच्च्या आंब्यांच्या) लोणच्याची बाटलीही घेतली.

येशूनं शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट आपण नेहमी येशूच्या बाजूनं ऐकतो. पेत्राच्या बाजूनं वाचून पाहा, योहान १३. तो म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र! पण येशू ते मान्य करत नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, इतकं कडक बोलतो. एका पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर ज्यांचे पाय धुतात त्या बारा जणांत माझं नाव होतं, तेव्हा मी घरून पाय साबणानं घासून, नखं कापून गेलो होतो. फादर गुडघ्यावर बसले, पाणी ओतलं, आणि त्यांना धुवायला काही शिल्लकच नव्हतं. ती गोष्ट अजून आठवते. (२०१६ पासून या विधीत स्त्रियांचेही पाय धुता येतात. तुमचं नाव आलं तर नाही म्हणू नका.)

आपल्या गोव्यातल्या बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जोसेफ वाझ मला यासाठीच जवळचे वाटतात. डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातलेल्या सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) ते गरीब मजुराच्या वेशात शिरले. पुढे १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून निघून गेले, तेव्हा हे आपल्या भाच्यासोबत त्यांची शुश्रूषा करत राहिले. पण मजूर म्हणून फिरताना कुणाच्या दारात हात पसरावा लागला असेल, कुणी पेज वाढली असेल. मी त्या पेजेचाही विचार करतो.

फुलं सोडू नका. फक्त पुढच्या फेस्ताला एकट्यानं सजवू नका. फुलांची समज नाही अशा एखाद्या मुलीला सोबत घ्या आणि समोरची मुख्य फुलदाणी तिला करू द्या, वाकडी झाली तरी. आणि घरी आजारी पडलात तर शेजारीण भांडी घासायला येते म्हणाली की "कशाला, मी करते" म्हणू नका. पडून राहा, तिला घासू द्या. मला हे फुलांपेक्षा कठीण गेलं होतं.