परक्या मुलखात सेवेला गेल्यावर सुरुवातीची ओढ कशी टिकवायची?

मेळघाटात वर्षभर काम करून ‘मी इथे कशाला आले’ असं वाटायला लागलंय, असं तुम्ही विचारलंय. मी तिथेच नर्स आहे, म्हणून मनापासून सांगते.

आधी भाषा शिका. इथल्या आदिवासींची कोरकू ही मराठीची बोली नव्हे, ती मुंडा कुळातली, संथाळीच्या नात्यातली भाषा. नुसती कानावर पडून येत नाही, रोज बसावं लागतं. १९७३ साली गडचिरोलीकडच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथले माडिया आदिवासी दवाखान्याकडे फिरकत नव्हते. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी त्यांची भाषा शिकून घेतली. रुग्ण येत नाहीत म्हणजे आपलं येणं फुकट गेलं, असं नसतं.

दुसरं, भूमकाला, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूला, शत्रू समजू नका. मी समजायचे. तापलेलं बाळ आधी त्याच्याकडे नेलं की माझा जीव जळायचा. एकदा त्याच्याच ओसरीवर जाऊन बसले, चहा घेतला, बाळाची धाप कशी मोजायची ते दाखवलं. पुढच्या पावसाळ्यात धाप लागलेलं एक पोर त्यानेच माझ्याकडे पाठवलं.

आणि सुट्टी घ्या, घरी जाऊन या. त्यात अपराधी वाटून घेऊ नका.