निवृत्तीनंतर ब्लॉग लिहायचा म्हणतोय. लिहू काय, आणि वाचणार कोण?

नमस्कार साहेब. तुम्ही लिहिलंय की पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून ३३ वर्षं काढून मार्चअखेर निवृत्त झालात, दिवस खायला उठतो, मुलगा ब्लॉग काढा म्हणून मागे लागलाय, आणि जन्मभर अहवाल नि टिपण्या लिहिलेल्या माणसाचं कोण वाचणार अशी तुम्हाला शंका आहे. मी एसटीत कंडक्टर होतो. १९८८ साली लागलो, ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी पाटण आगारात. अठ्ठावन्न पूर्ण झाली तशी खाकी उतरवली. तेव्हापासून ब्लॉग लिहितोय, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

लिहा. नक्की लिहा. फक्त विचार लिहू नका, काम लिहा.

हे मला कळायला जवळजवळ आठ महिने लागले. निवृत्तीनंतर माझी पहिली अडचण पहाटेची होती. इतकी वर्षं पहिल्या गाडीच्या ड्यूटीला चारला उठलेला माणूस, जाग चारलाच यायची. घरात सगळे झोपलेले, भांड्याचा आवाज करायचा नाही, दिवा लावायचा नाही. गॅलरीत बसून उजाडायची वाट बघायची. साडेसहाला दूधवाला आला की बरं वाटायचं. मुलीने ते पाहिलं आणि ब्लॉग काढून दिला. म्हणाली, बाबा, त्या वेळात लिहा.

मग मी काय लिहिलं, तर वेळेचं महत्त्व, आईवडिलांची सेवा, पहिला पाऊस. मनापासून लिहिलं होतं, पण ते दुसऱ्या कुणीही लिहिलं असतं. नातेवाईक ‘छान’ म्हणायचे आणि संपलं. मलाही दोन दिवसांनी आठवायचं नाही की आपण काय लिहिलं होतं.

एके दिवशी नातीला आमच्या हिच्या हरिपाठाच्या पुस्तकात खुणेसाठी ठेवलेलं जुनं तिकीट सापडलं. कागद पार मऊ पडलेला. तिने विचारलं, आजोबा, याला भोक का पाडलंय? मी सांगायला लागलो आणि अर्धा तास गेला. तिकिटांचा ट्रे कसा असायचा, त्यात वेगवेगळ्या किमतींचे गठ्ठे कसे लावलेले असायचे. भाडं टप्प्यावर, सहा किलोमीटरचा एक टप्पा. तेवढ्या नेमक्या रकमेचं एकच तिकीट नसायचं, म्हणून दोन-तीन तिकिटं फाडून बेरीज जुळवायची आणि आकड्यावर पंच मारायचा. हे सगळं चालत्या गाडीत, माणसं खच्चून भरलेली, कुंभार्ली घाटाच्या वळणावर पाठ दांडीला टेकवून. पुढचा टप्पा यायच्या आत प्रत्येक गठ्ठ्याचा पुढचा नंबर वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, चढवायचा. तपासणीचे साहेब कुठल्या फाट्यावर हात दाखवून चढतील याचा नेम नाही. ते डोकी मोजणार, वेबिल बघणार, आणि जुळलं नाही तर जबाब मला द्यायचा. संध्याकाळी रोकड कमी भरली तर पदरचे घालायचे.

स्वयंपाकघरातून सूनबाई ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, बाबा, हे लिहा ना. मी तीस वर्षं एसटीने फिरले, मला यातलं काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारला उठलो आणि ते लिहिलं. जसं नातीला सांगितलं तसंच, वर एक शब्द नाही. त्या लेखाला पहिल्यांदा अनोळखी माणसांची उत्तरं आली. कुणी लिहिलं की कंडक्टरच्या पंचाचा टिकटिक आवाज कानात आहे. एका निवृत्त ड्रायव्हरनी सिंगल बेल आणि डबल बेलबद्दल एवढं मोठं लिहून पाठवलं की त्यांना विचारून मी तो वेगळा लेख केला. तेव्हापासून आजतागायत विषय कमी पडलेला नाही.

सगळ्यात जास्त लिहिलं ते मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी शेवटची गाडी गावात जायची, रात्री तिथेच राहायची, पहाटे तीच पहिली म्हणून परत निघायची. देवळासमोर गाडी लावायची. मागचं लांब बाकडं ड्रायव्हरचं, मी मधल्या जागेत सतरंजी टाकायचो, रोकडीची बॅग उशाला. कुणाच्या तरी घरून पिठलं-भाकरी यायची, आणि कुणाकडून येणार हे गावाने आपसात ठरवलेलं असायचं, आम्हाला विचारावं लागलं नाही कधी. सकाळी दुधाच्या किटल्या, आणि कराडला शिकायला राहिलेल्या पोरांचे डबे. कापडात बांधलेले स्टीलचे डबे. नावाची चिठ्ठी असायची, पण मी चिठ्ठी वाचायचो नाही, गाठीवरून घर ओळखायचो. एका म्हाताऱ्या आजींची गाठ इतकी घट्ट असायची की पोरगं ती दाताने सोडायचं. हे लिहिताना मला त्या कापडाचा निळा रंग दिसत होता, आणि त्याआधी पंचवीस वर्षांत तो एकदाही आठवला नव्हता. लिहायला बसलं की असं होतं. तुम्हालाही होईल.

त्याच लेखात मी एका गावची गाडी साडेपाचला सुटायची असं लिहिलं होतं. त्या गावच्या एका ताईंचं उत्तर आलं, साडेपाच नव्हे, सहा. हायस्कूलला जाणाऱ्या मुलींना घरचे अंधारात फाट्यावर सोडत नसत, म्हणून गावाने आगारात अर्ज देऊन वेळ पुढे करून घेतली होती, आणि त्या पहिल्या बॅचमध्ये त्या स्वतः होत्या. मी त्या गाडीवर किती तरी वेळा गेलोय. वेळ बदलल्याचं आमच्या फळ्यावर लागलं असणार, मी वाचलंही असणार. पण का बदलली ते मला त्या दिवशी कळलं. मी चूक दुरुस्त केली आणि खाली ताईंनी सांगितलेलं जसंच्या तसं जोडलं. कोण वाचणार, असं तुम्ही विचारता. असे लोक वाचतात. थोडे असतात, पण ज्याची गाडी तिथून गेली तोच येऊन वाचतो.

आता तुमच्या मनातली खरी शंका, की आपण साधी माणसं, आपलं लिहून उपयोग काय. वरसईचे विष्णुभट गोडसे आठवा. पेणकडचे गरीब भिक्षुक. डोक्यावर कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. परत आले, आणि पंचवीसेक वर्षांनी, १८८३ मध्ये, आठवून आठवून सगळं लिहून काढलं. छापून आलं १९०७ मध्ये. ते ना सरदार ना इतिहासकार. पण त्या दिवसांत शहरात माणसं काय खात होती, पाणी कुठून आणत होती, कशाला घाबरत होती, हे आज आपल्याला त्यांच्यामुळे मराठीत वाचायला मिळतं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, हे कुठेही सापडेल. मुक्कामी गाडीचा कंडक्टर रोकड कुठे ठेवून झोपायचा, ते आम्ही लिहिलं नाही तर कुठेच सापडणार नाही.

तुमचा विषय तर माझ्याहून मोठा आहे. शेजपाळी, म्हणजे शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या, कशी लावायची, पाणी मागायचे नमुना सातचे अर्ज कसे यायचे, कोण वेळेत भरायचं आणि कोण पाणी सुटल्यावर धावत यायचं. शेवटच्या चारीपासून, म्हणजे कालव्याच्या टोकाच्या पाटापासून, पाणी वर आणायचं हा नियम कागदावर, आणि वरच्या अंगाचा बागाईतदार मध्येच मोरी फोडून बसलेला, तेव्हा तुम्ही रात्री काय केलंत? कालवा फुटल्याचा निरोप कसा यायचा, फोन नव्हते तेव्हा? उन्हाळी पाळी रद्द झाल्याचं गावात कुणी सांगायचं, आणि सांगणाऱ्याला काय ऐकून घ्यावं लागायचं? तुमच्या हाताखालचे, पाटाचं पाणी सोडणारे पाटकरी कसे होते? यातल्या एकेका प्रश्नाचा एकेक लेख आहे. टिपण्या लिहिल्या म्हणून लाजू नका. टिपणीत तारीख, जागा आणि झालेली गोष्ट असते. तेवढी सवय असली की अर्धं काम झालेलं असतं, फक्त ‘सबब विनंती’ आणि ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ काढून टाका.

लिहिण्याची माझी पद्धत सांगतो. आधी रेघांच्या वहीत पेनाने. मग फोनवर बोलून टाइप करतो. २०१७ पासून गूगलचा कीबोर्ड मराठी बोललेलं लिहून घेतो, ते आमच्या वयाच्या माणसांना फार उपयोगी आहे. नजर कमजोर असली, बोटं थरथरत असली तरी अडत नाही. फक्त तो आपले शब्द ओळखत नाही. मी ‘वेबिल’ म्हटलं की ‘वेळ बिल’ लिहितो. तुमची ‘शेजपाळी’ बहुधा शेजारीपाजारी कुठेतरी जाईल. शिवाय विरामचिन्हं हाताने द्यावी लागतात. म्हणून नंतर मोठ्या अक्षरात एकदा सावकाश वाचायचं, शक्यतो मोठ्याने. हिला वाचून दाखवतो मी. जिथे ती ‘म्हणजे?’ विचारते तिथे एक वाक्य वाढवतो.

संगणकावर लिहिणार असाल तर एक काळजी घ्या. ऑफिसात मराठी टायपिंगला जुने फॉन्ट असायचे, त्यात लिहिलेलं इंटरनेटवर टाकलं की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. युनिकोडमध्येच लिहा. आणि ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’ लिहिताना य वर रफार चढून ‘दुसर्या’ होत असेल तर इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून इंग्रजी J ची कळ दाबा, ऱ मिळतो, मग पाय मोडून य. मला हे कळेपर्यंत माझे वीस-बावीस लेख तसेच गेले होते. सगळे उघडून दुरुस्त केले. तुमच्या लेखात ‘शेतकरी’ पानोपानी येणार, म्हणून आधीच सांगितलं.

गूगलच्या ब्लॉगरवर ब्लॉगसाठी जागा फुकट मिळते. आमची पेन्शन किती असते ते तुम्हाला ठाऊक असेल, तेव्हा माझ्यासाठी हे महत्त्वाचं होतं. सेटिंगमध्ये बॅकअपची सोय आहे, दर दोन-तीन महिन्यांनी सगळं उतरवून ठेवायचं. वह्या टाकू नका.

एक गोष्ट मात्र मनाला लागली होती, ती सांगून ठेवतो. डब्यांच्या गाठींचा लेख एका सकाळी माझ्याच व्हॉट्सॲपवर आला. शब्द माझे, नाव काढून टाकलेलं, खाली ‘अप्रतिम, पुढे पाठवा’. पाठवणाऱ्या माणसाला माहीतही नव्हतं की तो माझा आहे. दोन आठवडे काही लिहिलं नाही. नंतर मुलीने सुचवलं, आणि आता मी नाव शेवटी टाकून थांबत नाही. लेखाच्या पोटात कुठेतरी आगाराचं नाव, साल, ‘मी तेव्हा अमुक गाडीवर होतो’ असं विणून टाकतो. ते काढलं तर वाक्यच मोडतं. चोरी थांबत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की हे कुणा एका माणसाच्या नोकरीतलं आहे.

दुसऱ्यांची नावं लिहिताना जपा. सोबत्यांवरच्या खात्याच्या चौकश्या, कुणाचं निलंबन, कुणाचं पिणं, हे मी लिहीत नाही. ती माणसं गेली तरी त्यांची मुलं आहेत.

आठवड्याला एक लेख पुरे. किती जणांनी पाहिलं तो आकडा पहिलं वर्षभर उघडूच नका.

आणि पहिला लेख कशावर लिहायचा असं विचाराल, तर रात्रीच्या पाळीवर लिहा. माझ्या मामाची जमीन कालव्याच्या अगदी शेवटच्या चारीवर होती. सुट्टीत गेलो की मी त्याच्याबरोबर बांधावर बसायचो, कंदील मध्ये ठेवून. पाणी कधी दोनला यायचं, कधी यायचंच नाही. आधी वाळलेल्या पाटातून सरसर आवाज यायचा, मग थंड वास, मग पाणी दिसायचं, आणि मामा चप्पल काढून उठायचा. वर कुठेतरी दार उघडणारा पाटकरी असायचा, त्याला मी कधी पाहिलं नाही. तो अंधारात सायकलवर यायचा की चालत, एकटा असायचा का, हातात काय असायचं, आणि खाली कंदील लावून बसलेली माणसं त्याला तिथून दिसायची का, ते तुम्ही लिहा. मी वाट बघतो.